लॉगबुकातली रिकामी दिवेलागण

काकांचा तेरावा झाला, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला हाक मारली. बेळगावच्या वडगावात आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. हाक मारायला फोन लागत नाही. "माडीवरचं सगळं काय करायचं ते तूच सांग बाळ," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं एक घड्याळ तेवढं कळतं, आणि तेही मेलं चुकीचं चालतं."

काका हौशी रेडिओवाले होते, ज्याला सगळं जग हॅम म्हणतं. सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन, घरातून स्वतःच्या ट्रान्समीटरवर देशोदेशींच्या हॅमशी बोलायचे. मी त्यांचा चेला. मोर्स, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांची भाषा, त्यांच्याकडेच शिकलो; 'व्हीयू थ्री'चा कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारं हवेतलं नाव, त्यांनीच मागे लागून मला मिळवायला लावला. त्यामुळे माडीवरच्या त्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे येणं साहजिक होतं. पुढच्या दोन महिन्यांत जे झालं ते इथे सविस्तर मांडतो आहे. निपाणीपासून खानापूरपर्यंत अशा खोल्या अजून काही घरांत आहेत, आणि त्या घरांवरही ही वेळ येणार आहे.

खोलीत काय होतं

लाकडी टेबल. त्यावर एक एचएफ ट्रान्सीव्हर, म्हणजे शॉर्टवेव्हवर ऐकायचा आणि बोलायचा एकत्र सेट. बाजूला काकांनी स्वतः बांधलेला जुना ट्रान्समीटर, ८०७ व्हॉल्व्हचा. तो कित्येक वर्षं बंद होता, तरी त्यावरची धूळ रोज पुसलेली. मोर्सची किल्ली एका ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यावर बसवलेली. काका उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. तो ठोकळा तिथल्याच बाद झालेल्या कास्टिंगचा, किल्ली ठोकताना हलू नये म्हणून. खाली लॉरीची बॅटरी, लाइट गेल्यावर लागायची ती. भिंतीवर ते घड्याळ. आणि कपाटात अकरा लॉगबुकं. छापील नव्हेत, खडेबाजारातून आणलेल्या लाल कापडी बांधणीच्या खातेवह्या, ज्यात दुकानदार उधारी मांडतात. काकांनी त्यात पट्टीने रकाने आखले होते: तारीख, वेळ, समोरच्याचा कॉलसाइन, फ्रीक्वेन्सी, सिग्नल कसा आला, कसा गेला, आणि शेवटी शेरा.

शेऱ्याचा रकाना बाकी सगळ्यांपेक्षा रुंद होता. कॉलसाइन ठसठशीत इंग्रजी अक्षरांत, शेरा मात्र मराठीत, बारीक मोडीवळणाच्या अक्षरात. कधीकधी कन्नडमध्येही.

काका हॅम झाले ते ऐकण्याच्या नादातून. साध्या रेडिओलाही पोस्टातून परवाना काढावा लागे त्या काळात त्यांच्या घरी एक व्हॉल्व्हचा रेडिओ आला. सांगली आणि धारवाड ही आमच्या भागाची दोन केंद्रं, एक मराठी, एक कन्नड; काका दोन्ही ऐकत वाढले. एका रात्री शॉर्टवेव्हवर ४१ मीटरच्या आसपास काटा फिरवताना त्यांना दोन माणसं आपापल्या घरातला पाऊस एकमेकांना सांगताना ऐकू आली. बातम्या नाहीत, गाणी नाहीत, नुसत्या गप्पा. हॅमचा ४० मीटर बँड प्रक्षेपणाच्या ४१ मीटर बँडला अगदी चिकटून आहे, म्हणून जुन्या रेडिओवर असे आवाज सापडत. दुसऱ्या दिवसापासून ते या माणसांच्या शोधाला लागले. पुढे परीक्षा दिली. तेव्हा दुसऱ्या श्रेणीला मिनिटाला ५ शब्दांच्या वेगाने मोर्स यावं लागे, पहिल्या श्रेणीला १२. काकांनी दोन्ही श्रेणी काढल्या. फाउंड्रीत दुपारच्या सुट्टीत ते डब्याच्या झाकणावर पान्याने सराव करत, असं त्यांचे जुने सोबती सांगतात.

आधीच झालेल्या दोन चुका

मी माडीवर पोचलो तोवर दोन गोष्टी हातच्या गेल्या होत्या.

पहिली, अँटेना. बाराव्याचा मांडव घालताना मांडववाल्याच्या पोरांनी वरची तार आड येते म्हणून उतरवली आणि तोडून गुंडाळली. ती ४० मीटरची डायपोल होती. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या तरंगाच्या तारेची मीटरमधली लांबी निघते, ७.१ ला साधारण २० मीटर, म्हणजे मधोमध सेटकडे उतरणारी केबल आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. परड्यातला नारळ ते माडीवरचा पाइप एवढं अंतर बरोबर तेवढंच होतं. घर बांधताना पाइपची जागा काकांनी आधी मोजून ठरवली होती आणि जिना मग तिथून वळवला होता, हे गवंड्यालाही माहीत नव्हतं. तार पुन्हा बांधता येते, त्यामुळे ही चूक मी सोडून दिली.

दुसरी चूक भरून येणारी नव्हती. क्यूएसएल कार्डांचे तीन खोके होते. दोन हॅमचं पहिल्यांदा बोलणं झालं की पुरावा म्हणून एकमेकांना कार्ड पाठवायची रीत आहे. दिवाणखाना मोकळा करण्याच्या घाईत दोन खोके रद्दीत गेले. कुणी दिले ते विचारण्यात अर्थ नव्हता. घरात माणूस गेलेला असताना कोण कुणाला काय विचारणार? मी गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे धावलो, पण माल पुढे गेला होता. उरलेल्या एका खोक्यात सोव्हिएत काळातली कार्डं जास्त आहेत. त्या अख्ख्या देशातल्या सगळ्या हॅमचा पत्ता एकच: पोस्ट बॉक्स ८८, मॉस्को. काकांना त्याची फार गंमत वाटायची. ८८ चं कारण पुढे येईल.

या चुकीमुळे मी एक ठरवलं आणि काकूंना सांगितलं: सगळ्या वह्या शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्याशिवाय खोलीतली सुई इकडची तिकडे करायची नाही.

दादाचं म्हणणं

काकांचा मुलगा पुण्यात असतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. रजा संपायच्या आदल्या रात्री तो माझ्यासोबत माडीवर बसला आणि त्याने त्याच्या शाळेच्या वर्षांतली एक वही उघडली. थोडा वेळ पानं उलटली. मग बोट ठेवून म्हणाला, "हे बघ. १८:४०. १९:२५. २०:०५. रोज संध्याकाळी साडेसहा ते आठ. आम्ही परवचा म्हणायला बसायचो, पानं मांडली जायची, आणि बाबा इथे. मला आठवतं तेच इथे लिहिलंय. बंद दार आणि आतून येणारा आवाज."

तो रागाने बोलत नव्हता. हिशेब जुळल्यासारखं, शांतपणे बोलत होता, आणि मला तेच जास्त लागलं. त्याला वाटत होतं की ही खोली जपून ठेवणं म्हणजे त्या भावंडांकडून जे हिरावलं गेलं त्याचाच देव्हारा मांडणं. सगळं देऊन टाकावं, असं त्याचं मत होतं. ताई धारवाडला दिली आहे. ती फोनवर म्हणाली, दादा म्हणेल तसं करा.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. जगभरच्या हॅमच्या नोंदी यूटीसीमध्ये असतात, म्हणजे सगळ्या पृथ्वीला सामाईक अशा वेळेत. समोरचा माणूस लिस्बनला असो की टोकियोला, दोघांच्या वहीत वेळ एकच यावी लागते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. काकांनी म्हणून दुसरं घड्याळ लावलं होतं, आणि काकूंच्या लेखी ते कायम चुकीचं होतं.

"दादा, यात साडेपाच मिळव," मी म्हटलं.

त्याने पहिली नोंद मनात केली. १८:४० म्हणजे रात्री बारा वाजून दहा मिनिटं. मग १९:२५, म्हणजे बारा पंचावन्न. २०:०५, एक पस्तीस. तो काही बोलला नाही. पान उलटलं. पुढच्या आठवड्यातल्या नोंदी २३:१५, २३:५०, ००:२० अशा होत्या. पहाटे पावणेपाच, पाच वीस, सहाला दहा कमी.

बंद दार आणि आतला आवाज त्याला आठवत होता तो खराच होता. झोपेतून अर्धवट जाग आल्यावर ऐकलेला होता.

तरीही शंका घ्यायला जागा होती

इथे थांबणं सोपं होतं, पण ते काकांना आवडलं नसतं. मीटरचा काटा हलला म्हणजे दोष सापडला असं नसतं, असं ते नेहमी म्हणायचे. उलट बाजूनेही मोजून बघायचं.

म्हणून पुढचे तीन आठवडे मी सगळ्या वह्यांतल्या वेळा आपल्या वेळेत उतरवल्या. काकांना दोन पाळ्या होत्या. पहिली सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, आठवड्याआड. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते सव्वाअकराला घरी येत, जेवत आणि मध्यरात्रीनंतर बसत. पहिल्या पाळीच्या आठवड्यात पहाटे साडेचारला उठून, कामावर जायच्या आधी. म्हणजे मुलांच्या अर्ध्या संध्याकाळी बाप घरात नव्हता हे दादाचं दुखणं खरं होतं. त्याला कारण फाउंड्रीची पाळी होती.

प्रश्न उरला तो पहिल्या पाळीच्या आठवड्यातल्या संध्याकाळींचा. तेव्हा ते चारपासून घरी असत. संध्याकाळी सहा ते साडेनऊ या वेळेत मुलांच्या शाळेच्या सगळ्या वर्षांत मिळून नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या.

ज्याला ४० मीटर ठाऊक आहे त्यालाच कळेल की ही किती मोठी गोष्ट आहे. दिवसा वातावरणातला खालचा, 'डी' नावाचा थर या लहरी शोषून घेतो, म्हणून बेळगावहून दिवसा धारवाड, पुणे, बेंगळुरू एवढीच मजल जाते. सूर्य बुडाला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात. त्यातही दिवेलागणीची घटका सगळ्यात मोलाची. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर असलेली गावं त्या थोड्या वेळात एकमेकांना लख्ख ऐकू येतात. हॅम लोक ऑफिसातून धावत घरी येतात ते याच वेळेसाठी. अशीच घटका पहाटेही असते. काकांनी पहाटेची घेतली आणि संध्याकाळची रोज सोडली.

पण याला दुसरं कारण असू शकत होतं. वडगाव विणकरांचं. आमच्या गल्लीत तेव्हा घरटी माग होते, आणि मागाच्या मोटरींचा खरखराट रिसीव्हरमध्ये सरळ येतो. मलाही तो त्रास झालेला आहे. संध्याकाळी माग चालू, रात्री बंद. मग काकांनी संध्याकाळ सोडली ती नुसत्या खरखरीपायी, असं का म्हणू नये? दादानेच फोनवर हा मुद्दा काढला, आणि मला त्याचं बरं वाटलं. तो आता वडिलांच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलत नव्हता, शोधत होता.

उत्तर सातव्या वहीत मिळालं. ताई लग्न होऊन गेली, दादा आधीच पुण्याला, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यापासून १३:०० ते १४:०० यूटीसीच्या नोंदी दिसू लागतात. संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. माग तेच, खरखर तीच. एका नोंदीच्या शेऱ्यात लिहिलंय: "मागांचा त्रास फार. तरी जपान येतोय. घर रिकामं." पुढे सहा-सात वर्षं अशा संध्याकाळी भरलेल्या आहेत. आणि नवव्या वहीत त्या पुन्हा बंद होतात. ताईची मुलगी शाळेसाठी आजी-आजोबांकडे राहायला आली ते जून. शेवटच्या संध्याकाळच्या नोंदीचा शेरा एकच शब्द आहे: "पाढे."

मी ते पान दादाला फोटो काढून पाठवलं. त्याचा फोन रात्री उशिरा आला. बराच वेळ तो त्याच्या दहावीच्या वर्षाबद्दल बोलत होता.

किल्लारीचं पान

पाचव्या वहीत एक पान बाकीच्यांहून वेगळं आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. यूटीसीत ती वेळ २९ तारखेच्या रात्री १०:२६ होते, म्हणून काकांच्या वहीत किल्लारी २९ सप्टेंबरला आहे. नुकतंच गणपती विसर्जन झालं होतं. आमच्याकडची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते. ताई खांद्यावर झोपलेली, गुलालाने माखलेले काका घरी आले आणि थेट माडीवर गेले, हे काकूंना लख्ख आठवतं.

त्यानंतरचे तीन दिवस वहीत एकही संपर्क नाही. नुसत्या ऐकल्याच्या नोंदी. कोणता स्टेशन कुठून बोलतोय, कुणाला काय हवंय, आणि शेऱ्यात पुन्हा पुन्हा: "मध्ये बोललो नाही." लातूर-उस्मानाबाद भागात हॅम मंडळी सेट घेऊन पोचली होती. अशा वेळी बाकीच्यांचं काम फ्रीक्वेन्सी मोकळी ठेवणं आणि कुणाचा क्षीण आवाज दुसऱ्यापर्यंत पोचला नाही तर तो पुढे देण्यासाठी कान लावून बसणं. त्यांना द्यावा लागला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या, चिकोडी, अथणी, गोकाकची गावं पाण्यात गेली, कोल्हापूरजवळ महामार्ग बंद झाला, तेव्हाही निवृत्त काका असेच बसले होते. तेव्हा मी शेजारी होतो. पाचव्या तासाला मी उठायला लागलो तर हाताने खाली बसवलं.

बँडवर दिलेली बातमी

हॅम गेला की 'सायलेंट की' झाला म्हणतात. किल्ली मुकी झाली. काकांची बातमी मी एका रविवारी सकाळी ४० मीटरवर माझ्या घरून दिली. आधी इंग्रजीत, मग कन्नडमध्ये, मग मराठीत, कारण काका या तिन्ही भाषांत बोलायचे आणि समोरच्याने जी सुरू केली तीच धरायचे. आमच्या भागात भाषेवरून काय काय झालं आणि होतं ते मी सांगायला नको. काकांचं मराठीपण पक्कं होतं, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधात १ नोव्हेंबरला ते काळी फीत लावायचे. आणि त्यांचा सगळ्यात जवळचा रेडिओमित्र हुबळीकडचा कन्नड मास्तर होता. दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी होत्या, आणि त्यांना त्यात काही जुळवून घ्यावं लागतंय असं मला कधी दिसलं नाही.

दादा त्या रविवारी मुद्दाम आला होता. परवाना नसल्याने त्याला बोलता येत नव्हतं, ऐकता येत होतं. मिनिटभर कुणीच बोललं नाही, नुसती बँडची सरसर. मग एकेक जण येऊ लागला. कुणी काकांच्या मोर्सबद्दल बोललं, कुणी त्यांनी पोस्टाने पाठवलेल्या, ट्रान्समीटरची फ्रीक्वेन्सी पक्की धरणाऱ्या क्रिस्टलबद्दल. मास्तर सगळ्यात शेवटी आले. आवाज थकलेला. त्यांनी काकांबद्दल काही सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं, "मग हेंग अदान्री?" मुलगा कसा आहे? मग स्वतःच सांगू लागले, दहावीला गणितात त्याला किती मार्क पडले होते, टायफॉइड झाला तेव्हा किती दिवस झोपून होता, पुण्यात पहिली नोकरी लागली त्या पहाटे काका किती वेळ बोलत राहिले होते.

दादा माझ्या मागे उभा होता. "त्यांना सांग," तो म्हणाला, "मुलगा इथेच आहे. ऐकतोय."

८८

हे वहीत नाही. काका पहिल्या पाळीवरून परतताना गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या एम-८० गाडीचा हॉर्न वाजवायचे: तीन लांब, दोन आखूड, आणि पुन्हा तीन लांब, दोन आखूड. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं. काकू चहाचं आधण ठेवायच्या. आम्हा पोरांना वाटायचं, हॉर्नच तसा आहे.

मोर्स शिकल्यावर मला ते कळलं होतं, पण काका असताना बोलायचं धाडस झालं नाही. मोर्समध्ये तीन लांब, दोन आखूड म्हणजे ८. हॅम मंडळी निरोप घेताना ७३ म्हणतात, म्हणजे स्नेहपूर्वक नमस्कार. ८८ फक्त आपल्या माणसाला म्हणतात. त्यात प्रेम असतं, आणि मराठीत लिहायला संकोच वाटेल असं थोडं अजूनही.

मी ते काकूंना स्वयंपाकघरात सांगितलं. त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. "म्हणजे भर गल्लीत?" त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या, हसता हसता डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "पुन्हा वाजवून दाखव बघू." मी ताटलीवर चमच्याने लांब-आखूड कसं करायचं ते जमेल तसं केलं.

मग काय केलं

ट्रान्सीव्हर घरात ठेवता येत नव्हता. हौशी परवाना त्या माणसापुरता असतो, वारसाला मिळत नाही. आणि विनापरवाना ट्रान्समीटर जवळ बाळगायला १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून मनाई आहे. बऱ्याच घरांत हे माहीत नसतं आणि सेट माळ्यावर पडून राहतो, किंवा ऑनलाइन कुणालाही विकला जातो. आम्ही परवान्याची आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून दिल्लीला डब्ल्यूपीसीकडे, म्हणजे वायरलेसचे परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीकडे, लेखी कळवलं आणि सेट धारवाडच्या एका परवानाधारक तरुणाला दिला, त्याच्या परवान्याची प्रत घेऊन आणि दोघांच्या सहीची यादी करून. ८०७ वाल्या ट्रान्समीटरचे व्हॉल्व्ह आणि क्रिस्टल काढून ठेवले; सांगाडा टेबलावरच आहे. किल्ली ठोकळ्यासकट ताईच्या मुलीने मागितली. नुसती किल्ली ठेवायला परवाना लागत नाही. ती आता मोर्स शिकते आहे, आणि अँटेनाची तोडलेली तार जोडायला नारळावर चढण्यासाठी माणूस शोधते आहे.

घड्याळ काकूंनी स्वयंपाकघरात नेलं. सेल संपला की मला हाक मारतात.

अकरा वह्या दादाने पुण्याला नेल्या. पेन्सिलीने तो प्रत्येक नोंदीशेजारी आपली वेळ लिहितो. रात्री जेवणं झाल्यावर बसतो, असं वहिनी सांगत होत्या. परवा त्याचा फोन आला, एका शेऱ्यातला कन्नड शब्द लागत नव्हता म्हणून. चौथी वही चालू आहे.